थर्कलांच्या वंशवृक्षातली सिसली

प्रिय मर्ल,

एकतीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पाकीट शेगडीत टाकलं नसशील, तर वाच. बाबा गेले. मागच्या बुधवारी आईशेजारी पुरलं त्यांना. तुला कळवलं नाही ते मुद्दामच.

वंशवृक्षाचं त्यांचं वेड तुला आठवत असेल. दर शनिवारी डबा घेऊन नॉरिचच्या दफ्तरखान्यात जायचे आणि संध्याकाळी डोळे चोळत परत यायचे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले आपले अँब्रोज थर्कल, लोकरीचे बडे व्यापारी, चर्चच्या फरशीत ज्यांची पितळी पाटी आहे, ते आपल्या जेवणाच्या टेबलावरचे पाचवे माणूसच होते. तू पोटुशी आहेस हे कळलं, त्या रविवारीही बाबांनी त्यांनाच मध्ये आणलं. "चारशे वर्षांत असली मुलगी निपजली नाही या घरात!" आई बटाटे वाढता वाढता थांबली. तू बॅग उचललीस. बाबा म्हणाले, "हिलरी, कडी लाव." आणि मी लावली. तू पायरीवर उभी होतीस, तुझा कोट काचेतून दिसत होता मला.

या जानेवारीत बाबांची डावी बाजू लुळी पडली. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मीच. मेमध्ये विम्याचे कागद शोधताना त्यांच्या पेटीत तळाशी एक जाड लिफाफा सापडला. आत बाबांच्या सुबक अक्षरात एक साक्ष उतरवलेली होती, १५७१ सालची, चर्चच्या कोर्टातली. साक्ष देणारी ज्योन नावाची सुईण. ती सांगते की अँब्रोज थर्कलची मुलगी सिसली लग्नावाचून पोटुशी होती, दिवस भरत आले होते. बापाने फेब्रुवारीच्या बर्फात तिला बाहेर काढलं. ती दिवसभर दार वाजवत होती. पोर जिथे जन्मेल त्या गावाने ते पोसायचं, तो भार आपल्या गावावर पडू नये म्हणून दोन माणसांनी तिला, कळा सुरू असताना, शिडीवर घालून शेजारच्या गावाच्या हद्दीत नेऊन टाकलं. तिथे कुंपणाखाली ती बाळंत झाली आणि मेली. मुलगा जगला. त्याचं नाव रॉबर्ट.

रॉबर्ट, मर्ल! भिंतीवरच्या तक्त्यात अँब्रोजचा तिसरा मुलगा म्हणून बाबांनी ज्याला सोनेरी शाईत लिहिलंय, तोच. आपण सगळे त्या कुंपणाखालचे. सिसलीचं नाव तक्त्यात कुठेच नाही. कागदाखाली बाबांनी तारीख घातली होती, एप्रिल १९७८. तुला काढलं त्याच वर्षी ऑक्टोबरात. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

मग मी रोज दुपारच्या चहानंतर त्यांना ती साक्ष वाचून दाखवू लागले. शरीर गेलं होतं, कान शाबूत होते. पहिल्या दिवशी म्हणाले, "बस कर, पोरी." मी म्हटलं, "का? आपलेच अँब्रोज ना?" शिडीपाशी आलं की रडायचे. मी रुमालाने तोंड पुसायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. नर्स एकदा म्हणाली, "किती प्रेमाने वाचून दाखवता हो तुम्ही!" मला वाटायचं, हे मी तुझ्यासाठी करतेय.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी वाचायच्या आधीच ते म्हणाले, "मर्लला बोलाव. सिसलीचं तिला मला स्वतः सांगायचंय. पाया पडेन तिच्या." इतकी वर्षं त्यांचं सगळं मी केलं, आणि मागितलं कोणाला, तर तुला. मी स्वयंपाकघरात गेले, किटली ठेवली, ती उकळेपर्यंत थांबले आणि परत येऊन म्हटलं, "फोन केला होता. ती म्हणाली, मरू दे त्यांना." ते चार दिवस जगले. दारावर कोणाचं पाऊल वाजलं की मान वळवायचे. मर्ल, तो फोन मी केलाच नव्हता. तुझा नंबर मला पाठ आहे.

तुझीच,
हिलरी