टेबलावरचा रुमाल

तात्यापारा, रायपूर
१८ जानेवारी २०२३

ती. बाबांना,
नीलिमाचा जयभीम.

एकाच शहरात राहून पोरगी पत्र पाठवते म्हणून हसाल. हसा. स्कूटी काढली की मी तुमच्या दारात उभी राहू शकते. पण परवा आले होते तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंच. आईने माझ्यासाठी गरम चिला केला आणि मी अर्धा टाकून, ड्युटी आहे म्हणत पळाले. ड्युटी नव्हती.

आईचा खोकला कसा आहे? सिरप संपलं असेल तर यशदीपला रिकामी बाटली घेऊनच दुकानात पाठवा, नाहीतर आमचे बंधुराज भलतंच काहीतरी आणतील. हे पत्रही त्याच्याच हाती देते आहे. चिकटवून देते, वाचेल मेला.

गुलाबरावकाकांनी रविवारच्या माझ्या सत्काराचा फ्लेक्स मोबाईलवर पाठवला. विहार समितीचे अध्यक्ष झाल्यापासून काकांना फ्लेक्सशिवाय चैन पडत नाही. वर माझं नाव, खाली ‘हैती देशातील गोरगरिबांची सेवा करून परतलेली आपली कन्या’, आणि मधोमध शिबिराच्या संस्थेने काढलेला तो फोटो. मी टेबलामागे, हातात गोळ्यांची पाकिटं. समोर बायकांची रांग. पहिलीने टेबलावर डोक्याचा रुमाल पसरलाय आणि मागच्या सगळ्यांच्या हातात रुमाल तयार.

तुम्ही फोनवर विचारलं होतं, “बाई, ह्या रुमाल काहून पसरून राहिल्या?” मी म्हणाले, तिकडची पद्धत आहे. तुम्ही म्हणालात, “हव, असंन.”

बाबा, ती तिकडची पद्धत नाही.

आमचं शिबिर डोंगरातल्या एका शाळेत होतं. पत्र्याचं छप्पर, बाक एकाला एक जोडून केलेलं औषधांचं टेबल. डॉक्टर तपासायचे आणि औषध मी द्यायची. गावात कॉलरा होऊन गेलेला, पाण्याची चणचण, त्यात घरोघरी खरूज. मुलांच्या बोटांच्या बेचक्या फुटलेल्या. मला किळस आली. नर्सला येऊ नये, पण आली. हातमोजे संपत आले होते, म्हणून मी पाकिटं वरून सोडायला लागले, हाताला हात लागू नये अशी.

इमाकुला नावाची एक बाई आली, आईच्या वयाची. मी सोडलेलं पाकीट तिच्या ओंजळीबाहेर, खाली मातीत पडलं. तिने वाकून ते उचललं, झग्याला पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डोक्याचा रुमाल सोडला, टेबलावर नीट पसरला आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाली. त्याने मला सांगितलं, “ती म्हणते, यावर ठेवा, म्हणजे तुमच्या हाताला त्रास नाही.”

मला कळलं नाही असं लिहिणार होते. पण कळलं होतं, त्याच क्षणी. आजीची गोष्ट तुम्ही आम्हाला काय कमी वेळा सांगितली आहे? गावच्या दुकानात मीठ घ्यायला गेली की ती पायरीखाली उभी राहून पदर पसरायची आणि दुकानदार वरून मीठ टाकायचा. तुम्ही तिचं बोट धरून उभे. सांडलेलं मीठ मातीतून तुम्ही वेचायचात. आजही जेवताना तुम्ही कुणाला मीठ वाढू देत नाही, वाटी स्वतःच्या हातात घेता.

आणि मी काय केलं? मी दुभाष्याला म्हटलं, हे छान आहे, सगळ्यांनाच सांग. दुपारपर्यंत रांगेतल्या प्रत्येकीने रुमाल सोडून हातात धरला होता. स्वच्छता चांगली पाळली म्हणून संस्थेच्या मॅडमनी माझं कौतुक केलं आणि तेव्हाच तो फोटो काढला. मी त्यात हसते आहे. नीट पाहा, मनापासून हसते आहे.

आणखी एक. वर हातमोजे संपत आले होते असं लिहिलंय. नव्हते. खोका माझ्या पायाशीच होता. घाम यायचा म्हणून घालत नव्हते. आणि खरं सांगायचं तर, लोक जरा दबून, दुरून वागतात हे मला आवडायला लागलं होतं. इथे साधी भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितलं की घरमालकाचा चेहरा बदलायचा. तिथे कुणाला माझ्या आडनावाशी घेणंदेणं नव्हतं. मी देणारी होते आणि बाकी सगळे घेणारे. मला लाज वाटते बाबा, की ते मला इतक्या सहज जमलं.

रविवारी विहारात तो फ्लेक्स लागेल. समोर म्हाताऱ्या बाया बसतील. त्यांच्यातल्या कितीजणींनी असाच पदर पसरला असेल कुणास ठाऊक. त्या माझ्यासाठी टाळ्या वाजवतील. मला ते सोसणार नाही. कार्यक्रम रद्द करा. काकांना सांगा मी आजारी आहे, नाहीतर खरं सांगा. तुम्ही म्हणाल ते करीन. पण तुम्हाला हे न सांगता तुमच्या हातून शाल घेणं माझ्याच्याने होणार नाही.

आजीची नात म्हणवून घ्यायला खजील झालेली,
नीलिमा

*

रायपूर
२० जानेवारी २०२३

चि. नीलिमास,
आशीर्वाद.

आईचा खोकला उतरला आहे. तुझं पत्र मी मागच्या खोलीत बसून वाचलं. तिला अजून दिलेलं नाही.

तो रुमाल मी पहिल्या नजरेत ओळखला होता. तू ‘पद्धत’ म्हणालीस तेव्हा तू खोटं बोलतेस हेही कळलं. मातीतलं मीठ वेचलेल्या माणसाला ते कळणार नाही, असं तुला वाटलं तरी कसं? कळूनही मी ‘असंन’ म्हणालो. फ्लेक्ससाठी गुलाबरावांनी दुसरा फोटो निवडला होता, तू लहान लेकराला औषध पाजतानाचा. मीच त्यांना म्हटलं, “तो नको जी, हा टेबलाचा लावा.”

असं का केलं, हे तुझं पत्र आल्यापासून स्वतःला विचारतो आहे. लोक कापड पसरून उभे आहेत आणि देणारी आपली पोट्टी आहे, एवढंच मी पाहिलं. माझी छाती फुगली. माझ्या मायचा पदर डोळ्यांपुढे होता, तरी फुगली. तू किळस आली म्हणून चुकलीस. मी त्या दुकानदाराला चांगला ओळखत होतो, आणि तरी त्याच्या जागी तुला पाहून मला गोड वाटलं.

कार्यक्रम रद्द होणार नाही. तूही आजारी पडू नकोस. फ्लेक्स तसाच राहू दे, शाल मात्र कुणी कुणाला द्यायची नाही. आधी तू इमाकुलाबाईंचं सांग. मग हा फोटो कुणी निवडला आणि का, ते मी सांगतो. तुझी आई पहिल्या रांगेत असेल. तिच्या तोंडाकडे पाहून मला बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. तेवढा वेळ तू माझ्या शेजारी उभी राहा.

तुझ्याहून जास्त लाजलेला,
बाबा