तिखटाच्या डब्यातल्या गोळ्या

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसले, ते एका गोळीमुळे. माझ्या लेकीला पाचवा महिना लागलाय. सध्या ती सक्करदऱ्याला माझ्याकडेच आहे. अंगात रक्त कमी म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्यात, हाडांसाठी कॅल्शियमच्या वेगळ्या. कॅल्शियमच्या ती मुकाट घेते. लोहाचं पाकीट मात्र काल चादर बदलताना मला तिच्या गादीखाली सापडलं, एकही गोळी न काढलेलं.

"काहून वं?" मी विचारलं.

"मम्मी, सासूबाई म्हणून राहिल्या होत्या, यानं बाळ काळं निघते." मग माझ्याकडे पाहून ओशाळली. "म्हणजे तुझ्यासारखं नाही म्हणत मी."

"मग कोणासारखं?"

दोघी हसलो. गोळी काही तिने घेतली नाही.

आणि मला आपलं नरखेडकडचं स्वयंपाकघर दिसलं. तू भाकरी थापते आहेस. शाळेत कोणी काळी म्हणालं म्हणून मी रुसून बसलेय. बाहेरून आजी म्हणते, "गोळ्यायनं जळलं लेकरू पोटातच. मी सांगतच होती." तू भाकरी थापतच राहतेस. ती उठून गेल्यावर तिखटाचा डबा माझ्यापुढे सरकवतेस. मी पोटात असताना नर्सबाईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या तू कागदात गुंडाळून त्या तिखटात पुरून ठेवायचीस, कारण तुझ्याशिवाय त्यात कोणी हात घालत नसे. बागेत निंदायला जाताना एक काढायचीस आणि तिथे मोसंबीच्या फोडीसोबत गिळायचीस. "तिखट लागे वं. ठसका येई. मळमळे." मी विचारते, "मग मी त्यानंच काळी झाली?" तू भाकरी उलटतेस. "झाली तं झाली. जन्मल्या जन्मल्या रडली तं खरी. पहिला रडलाच नव्हता." त्या पहिल्याबद्दल तू मला एवढंच सांगितलंस, पुन्हा कधी नाही.

गोळ्यांमुळेच मी जगले, असं मी लिहिणार नाही. ते कोणालाच सांगता यायचं नाही. त्यांच्यामुळे बाळाचा रंग बदलत नाही, एवढं डॉक्टरीणबाई नक्की सांगतात. पण तुला तेही कोणी सांगितलं नव्हतं. आजीचं म्हणणं तुला खरंच वाटत होतं, हे मला काल पहिल्यांदा उमगलं आणि मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. लेकरू काळं होणार, जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, असं समजून तू रोज त्या डब्यात हात घालत होतीस. विहिरीवरच्या मोटरीत असतं ते लोखंड, पानाला लावतात त्या चुन्यातलं कॅल्शियम, एवढ्या साध्या वस्तू. तुझ्या अंगातून जाऊन त्यांचं माझं रक्त झालं, दात झाले. मी माझ्या हाताकडे पाहत राहिले. याच रंगाचा राग राग केला होता मी.

लेकीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ पाकिटाशी चाळा करत बसली. मग उठून तिने मोसंबी सोलली, एक फोड मला दिली आणि गोळी गिळली.

"तिखट नाही लागत," म्हणाली.

हे पत्र कुठे टाकू, माय? वहीतच राहील. पण तुझ्यापाशी लपवत नाही. गोळी तिच्या घशाखाली उतरली तेव्हा मला फार बरं वाटलं, आणि त्याच क्षणी मनात आलं, बाळ जावयाच्या गोऱ्या रंगावर गेलं तर बरं.