आईचा नंबर

हैदराबाद,
३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वनमालाताईस,
राघूचा शि. सा. न. वि. वि.

ताई, फोनवर सांगायला गेलो तर मला रडू येईल आणि तू घाबरशील, म्हणून लिहितोय. माझा फोन पाण्यात पडला. नवा घेतला, त्याच कंपनीचा. दहा-बारा वर्षांत मी दुसरीकडे पाहिलं नाही, तुला माहीतच आहे. पण त्यावर कंपनीकडचं माझं जुनं खातं काही उघडेना. आईचे सगळे व्हिडिओ त्यात आहेत. ओवीला मांडीवर घेऊन म्हटलेली अंगाईसुद्धा, आणि ती दुसरीकडे कुठेच नाही. तुझी भाची रोज झोपताना आजीचं गाणं मागते.

कंपनी म्हणते, ओळख पटवा, जुन्या नंबरवर ओटीपी पाठवतो. तो नंबर आईचा! कॉलेजात खातं काढलं तेव्हा आपल्या घरात तोच एक फोन होता, आणि पुढे बदलायचं मला सुचलंच नाही. कुणाशी बोलावं तर तिथे माणूसच नाही. इतकी वर्षं कंपनीनं सगळं सांभाळलं म्हणून उपकारही वाटतात आणि चीडही येते.

आई गेल्यावर आपण रिचार्ज केलं नाही. आता तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळालाय. मी लावला, एका बाईंनी हॅलो म्हटलं आणि माझा धीरच सुटला. ठेवून दिला. तू बोलशील का त्यांच्याशी?

भाऊजींना नमस्कार.
तुझा,
राघू

जैनथ,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. राघूस,
ताईचे अ. उ. आ.

अरे येड्या, हॅलो म्हणून ठेवून देतं का कोणी? ओटीपी तुले त्या बाईच्या घरूनच फोनवर सांगतला, पण बाकीचं सांगाचं राह्यलं.

बाई बाजारहत्नूरची, नाव बयनाबाई. फोनवर सारं सांगतलं तर म्हणे पोरानं बजावलं हाये, ओटीपी देवालेही सांगाचा नाई. बरोबरच हाये तिचं. मंग काय, कापसाची वेचणी तुह्या भाऊजीच्या अंगावर टाकली, आईचा फोटो पिशवीत घेतला अन् बसगाड्या बदलत बाजारहत्नूरले गेली.

तिनं फोटो पाह्यला, माह्याकडे पाह्यलं, म्हणे नाक तेच हाये. झाली ओळख! तुह्या एवढ्या मोठ्या कंपनीले जे जमलं नाई, ते एका नाकानं केलं. भाकर अन् अंबाडीची भाजी खाऊ घातली, मंगच तुले फोन लावू देला.

आईले सारे म्हणत, दुसऱ्या कंपनीचं सिम स्वस्त हाये, बदला. आई म्हणे, राघू हॉस्टेलात होता तवा ह्याच कंपनीनं त्याचा आवाज घरी आणला, हिले सोडाची नाई. अन् आई गेल्यावर त्याच सिमवाल्या कंपनीनं काही महिन्यातच नंबर दुसऱ्याले देऊन टाकला! लय राग आला मले. पण बयनाबाईच्या हाती गेला म्हणून देवाले हात जोडले.

आपल्या मुधोळचे लोक अजून आईच्या नंबरवर फोन करून जयवंताबाई हायेत का म्हणून तिले विचारतात. बिचारी राँग नंबर म्हणे. आता म्हणते, त्या गेल्या असं नीट सांगीन अन् तुमचा नंबर देईन.

तुह्या बायकोले, शीतलले, अन् ओवीले आशीर्वाद. लोभ असू दे, त्याले रिचार्ज लागत नाई.
तुही,
ताई

हैदराबाद,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
राघूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र शीतलला वाचून दाखवलं. नाकाच्या गोष्टीला ती इतकी हसली की ओवी झोपेतून उठली.

खातं उघडलं त्या दिवशी ओवीनं अंगाई सात वेळा ऐकली आणि माझ्या मांडीवरच झोपली. कंपनीनं एकही व्हिडिओ हरवला नव्हता, त्याबद्दल मनापासून आभार मानले. पण आता डोळे झाकून विश्वास नाही. सगळं एका मेमरी कार्डावर उतरवलंय, ते सोबत पाठवतोय. नेहमीसारखं डाळीच्या डब्यात ठेवू नकोस. खात्यावर आता तुझा नंबर दिलाय.

काल दुपारी ऑफिसात फोन वाजला आणि वर नाव आलं, आई. खातं उघडल्यावर जुनी नावं नव्या फोनात परत आली होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तरी उचलला गं. बयनाबाई होत्या. मुलीनं आजीचं गाणं ऐकलं का, एवढंच विचारायला फोन केला होता. तू तिथे पोचलीस तेव्हा किती थकली होतीस तेही सांगितलं, आणि ठेवता ठेवता मी जेवलो का ते विचारलं. तीन वाजत आले होते, मी जेवलो नव्हतो. तसं म्हटलं तर रागावल्या. फोन चालू ठेवून मी डबा उघडला.

ते नाव मी बदललं नाही. चालेल ना?

लोभ आहेच. त्यात आता बाजारहत्नूरही धर.
तुझा,
राघू