माघारीला साजेसं व्यासपीठ

१५ फेब्रुवारी २००८, शुक्रवार

जगन्नाथशेठ आठ वर्षं कुवेतच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि आठ वर्षांत त्यांनी मंडळाची खानावळ केली आहे. आता मंडळाची लायब्ररी मोडायची म्हणतात. तीन हजार मराठी पुस्तकं शुवैखच्या गोडाऊनमध्ये खोक्यांत पडून आहेत. भाडं परवडत नाही, म्हणून रद्दीत. रद्दीत!

आज मंडळातल्या तरुण जयदीपच्या फ्लॅटवर निवडणुकीसाठी आमचं पॅनल उभं राहिलं. मुद्दा एकच : पुस्तकं वाचवायची. अध्यक्षपदाला उमेदवार कोण, असं विचारलं. मी म्हणालो, मी. मग कुणीतरी सुचित्राताईंचं नाव घेतलं. त्या हॉस्पिटलात हेड नर्स आहेत. जयदीप रात्र रात्र अमेरिकेची निवडणूक बघतो. म्हणाला, तिकडच्यासारखी एरियावाइज प्रायमरी घेऊ, म्हणजे पॅनलचा उमेदवार आधी आपल्यातच मतं घेऊन ठरवू. आधी अबू हलीफा, मग अहमदी, मग सालमिया. एका कुटुंबाला एक मत.

एक कलम मी घालायला लावलं. मागे पडेल त्याने विजेत्याच्या फॉर्मवर सूचक म्हणून सही करायची. ती सही असल्याशिवाय पॅनलचा फॉर्म जाणार नाही. हरल्यावर माणसं फुटतात. सुचित्राताईंना आत्ताच बांधून घेतलेलं बरं.

फॉर्मची मुदत ३० एप्रिल.

२९ फेब्रुवारी, शुक्रवार

अबू हलीफा. बेसमेंटचा हॉल. पन्नास मिनिटं बोललो. ग्रीक लोकशाहीपासून सुरुवात केली. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाला आग लावली, तेवढ्यात मागून आवाज : "काका, मिसळ गार होतेय!" शी!

सुचित्राताई दोन मिनिटं बोलल्या. पुस्तकं वाटून घेऊ, प्रत्येक एरियात कुणाच्या तरी घरी एक कपाट ठेवू. बस्स. नंतर एका आजींचं बीपी बघत बसल्या.

त्या एकतीस, मी पाच.

टाळ्या मात्र मला जास्त. विशेषतः खाली बसलो तेव्हा.

१ मार्च

पराभवाची कारणं : मिसळ. माइक. आजी.

संकल्प : पुढचं भाषण पंचवीस मिनिटं. ग्रीक काढून टाकायचे. रोमन राहू द्यायचे.

कपाट म्हणे! कपाटाला विचारधारा असते का?

१४ मार्च, शुक्रवार

अहमदी. कंपनीच्या जुन्या बंगल्याचं लॉन. संस्कृतीवर घोंघावणाऱ्या वादळाबद्दल बोलत होतो आणि खरोखरच धुळीचं वादळ आलं. असा योग वक्त्याला आयुष्यात एकदाच येतो. मी थांबलो नाही. डोळे उघडले तेव्हा लॉनवर मी आणि एक उलटी पडलेली प्लॅस्टिकची खुर्ची. मंडळी आत मतदान उरकत होती. या समाजाची किळस आली. दातांत वाळू.

मला सात मतं. अबू हलीफात पाच, इथे सात. ट्रेंड स्पष्ट आहे.

सुचित्राताईंचा आकडा लिहीत नाही. आकड्यांच्या मागे धावणारा मी नव्हे.

२२ मार्च, शनिवार

जुईलीला ट्रेंड समजावून सांगितला. कार्टून बघता बघता म्हणाली, "बाबा, इट्स ओव्हर. इव्हन इफ यू गेट ऑल ऑफ सालमिया." इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवतात, निष्ठा शिकवत नाहीत.

संध्याकाळी जयदीपचा फोन. "सर, आता थांबायचं का? ताईंना प्रचाराला वेळ मिळेल. तिकडे जगन्नाथशेठ घरोघरी बिर्याणी पोचवतायत." मी म्हणालो, जे मधेच थांबले त्यांची नावं इतिहासाला आठवत नाहीत. म्हणाला, "हरलेल्यांची तरी कुठे आठवतात, सर?"

उद्धट पिढी. फोन ठेवला.

४ एप्रिल, शुक्रवार

सालमिया. पंचवीस मिनिटांचा संकल्प जवळजवळ पाळला. चाळीस झाली.

दोन मतं.

परंतु! जाताना एक डॉक्टर हात हातात घेऊन म्हणाले, "चंद्रहासराव, तुम्हाला मुद्दाम मत दिलं नाही. अध्यक्ष झालात की हारतुऱ्यांत अडकाल, मग बोलणार कोण?" सालमियातल्या बाकीच्या साठ घरांनीही नेमका हाच विचार केला असणार. म्हणजे हा पराभव नव्हेच. मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग आता सही करून टाका."

बायकोला राजकारणातलं कळत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

निर्णय झाला. बाजूला होतो. माघार नव्हे, त्याग.

आता त्याग कुठे करायचा, हा प्रश्न. जयदीप म्हणतो, "माझ्या फ्लॅटवर या, सही करा, चहा घेऊ." चहा! ज्या माणसाने गेली वीस वर्षं या वाळवंटात मराठी जिवंत ठेवली, त्याने चहाच्या कपाशेजारी सही करायची? २ मेला मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. सगळा कुवेत तिथे असेल. तिथेच.

मसुदा सुरू. पहिलं वाक्य सापडत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सुचित्राताई स्वतः घरी आल्या. ड्यूटीवरून थेट, पांढऱ्या बुटांत. फॉर्म टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "चंद्रहासभाऊ, तुमच्यासाठी अध्यक्षपद सोडायलाही मी तयार आहे. पण लोकांनी सांगितलंय, म्हणून उभी आहे. पुस्तकं वाचवू या. एवढी सही करा."

बाईंचा प्रामाणिकपणा भिडला. मी त्यांना त्यागाचा मसुदा वाचून दाखवला. पूर्ण. मधे त्यांची मान खाली गेली. भारावल्या असाव्यात. मुक्ता म्हणाली, डोळा लागला होता, नाइट करून आल्या होत्या.

त्या गेल्यावर मुक्ताने विचारलं, "पेन मी तुमच्या हातात दिलं होतं ना?" दिलं होतं. त्याच पेनने मसुद्यात दोन दुरुस्त्या केल्या.

३० एप्रिल, बुधवार

सकाळपासून जयदीपचे फोन. आज शेवटचा दिवस, सर. मी त्याला शांतपणे समजावलं : आठ वर्षांत मंडळाची एक तरी तारीख पाळली गेली आहे का? दिवाळी अंक होळीला निघतो. कोजागिरी आपण अमावास्येला केली आहे. मुदत वाढणार म्हणजे वाढणारच.

संध्याकाळी बिल्डिंगखाली गाडी लावून हॉर्न वाजवत बसला. मी बाल्कनीतून सांगितलं, शुक्रवारी व्यासपीठावर सही करीन, सर्वांसमोर, ताठ मानेने. खालून ओरडला, "सर, मान नंतर ताठ करा, आधी खाली या!" सगळ्या मल्याळी शेजाऱ्यांसमोर. किळसवाणा प्रकार. दार लावून घेतलं.

पहिलं वाक्य सापडलं.

१ मे, गुरुवार

जयदीपचा फोन नाही. म्हणजे मुदत वाढली.

२ मे, शुक्रवार

माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण.

जगन्नाथशेठना माइक मागितला. त्यांनी हसत दिला, वर पाण्याची बाटलीही दिली. सत्तेचा लोभ, त्यागाची परंपरा, ग्रंथांचं ऋण, सगळं आलं. हॉल इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. शेवटी खिशातून पेन काढलं, उंच धरलं आणि म्हणालो, आणा तो सुचित्राताईंचा फॉर्म!

मग जयदीप जागेवरूनच म्हणाला, "कुठला फॉर्म, सर? मुदत परवा संपली."

आठ वर्षांत पाळलेली ही एकमेव तारीख. जगन्नाथशेठ बिनविरोध. नीच माणूस.

सुचित्राताई उठून एवढंच म्हणाल्या, "उद्या ड्यूटीनंतर शुवैखला जाते. निदान मुलांची पुस्तकं उचलू. गाड्या कोण आणेल?" भराभर हात वर झाले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. बहुधा मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

मुक्ता घरी आल्यावर बोलली. ते लिहीत नाही.

३ मे, शनिवार

शुवैखला जाणार होतो. घसा बसला आहे.

९ मे, शुक्रवार

मुलांची पुस्तकं आठ-दहा घरांत गेली. बाकीची मंगळवारी ट्रकमध्ये भरली. वजनावर. त्या सगळ्यांची यादी मी केली होती, एकेकाळी, हाताने. आज त्याबद्दल काही लिहिणार नाही.

दुपारी जगन्नाथशेठचा फोन. रद्दीच्या आणि वाचलेल्या भाड्याच्या पैशांतून मंडळाने कराओके सिस्टिम घेतली आहे. पुढच्या शुक्रवारी उद्घाटन. "चंद्रहासराव, तुमच्याइतका दणदणीत आवाज कुवेतात दुसरा नाही. दोन शब्द बोला. साउंडही टेस्ट होईल."

या माणसाच्या निर्लज्जपणाला सीमा नाही. मी ताबडतोब बजावलं, की बोलेन तर रद्दीत गेलेल्या ग्रंथांवरच बोलेन, आणि पंधरा मिनिटांच्या खाली एक मिनिट घेणार नाही. ते पाचावर अडून बसले. मीही हटलो नाही.

दहावर आणलं. झुंज दिल्याशिवाय या जगात काही मिळत नाही.