बिननावाची काच

८ ऑक्टोबर १९६१, रविवार. नांदुरा.

सकाळच्या पॅसेंजरने उतरलो आणि बऱ्याच महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. सामान म्हणजे एक ट्रंक, एक गादी आणि अंगातला निळ्या रेघांचा शर्ट. त्याची कॉलर फाटली होती, ती आईने निघताना हिरव्या दोऱ्याने शिवून दिली, कारण पांढरा दोरा घरात नव्हता. वर म्हणाली, कॉलेज तर सोडलंस शेषराव, आता शर्ट तरी सांभाळ.

किसनरावांच्या टॉकीजमध्ये नोकरी मिळाली आहे. टॉकीज म्हणजे कापसाचं जुनं टिनाचं गोदाम. खामगावच्या थेटरांसारखी पक्की इमारत नाही, मागे कोणी बडा मालकही नाही. पण माणूस हौशी. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत त्यांनी ‘शरद हंगाम’ काढला आहे. नवरात्रात देवीची चित्रं, एका दुपारी फक्त बायांसाठी हळदीकुंकवाचा खेळ, कोजागिरीला एका तिकिटात दोन चित्रं आणि वर कपभर आटीव दूध. टांग्यातून जाहिराती वाटायच्या, पडद्यावर पाडायच्या काचा लिहायच्या, पडदा भिजवायचा, ही माझी कामं. झोपायला जिन्यावरच्या मशीनच्या खोलीमागची खोली.

इथे का आलो, ते या वहीत तरी खरं लिहितो. कोकिळा इथली आहे. धान्याचे अडते भगवानराव यांची मुलगी. अमरावतीला माझ्या वर्गात होती. पाडव्यानंतर वडिलांनी नाव काढून आणली. तिच्या रिकाम्या बाकाकडे मी बघत बसतो यावरून सर भर वर्गात काही बोलले, पोरं हसली, मी दौत फेकली. संपलं कॉलेज. ती माझ्याशी दोनदा बोलली आहे. एकदा म्हणाली, जरा सरकता का. एकदा विचारलं, ही वही तुमची का. एवढ्या भांडवलावर माणूस गाव सोडतो! हसू येतंय, पण आनंदाचं.

११ ऑक्टोबर

इथली रीत मी दुसरीकडे पाहिली नाही. पडदा जाड कापडाचा, गोदामाच्या मधोमध टांगलेला. पुढे पुरुष, मागे बाया. खेळाआधी मी पिचकारीने पडदा चिंब करतो, म्हणजे चित्र आरपार उतरतं. मागून सगळं उलटं दिसतं. देवीचा त्रिशूळ डाव्या हातात, अक्षरंही उलटी. म्हणून बायांसाठीची काच यंत्रात पालथी घालायची. मग ती त्यांना सुलटी, पुरुषांना उलटी.

मशीन चालवतात फकीर मोहम्मद. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. काच कशी करायची ते त्यांनी दाखवलं. चिमणीवर धरून काजळी बसवायची आणि सुईने अक्षर कोरायचं. साबणाच्या, बियाण्याच्या जाहिराती असतात, पण खरी गंमत बोलावण्याच्या काचांची. आज एक लिहिली: ‘धामणगाव बढ्याचे कारभारी, तुमचा बैल सुटला आहे, बाहेर या. तुमचा भाऊ.’ कारभारी उठले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बोलावणाऱ्याचं नाव काचेवर पाहिजेच, अशी किसनरावांची ताकीद आहे. मागे ‘बाहेर ये, वाट पाहतो’ एवढीच काच पडली, तर अर्धा बाक उठून दाराशी गेला आणि तिथे डोकी फुटली. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच.

“बिननावाची काच टाकायची नाही बे,” किसनराव म्हणाले. “नाव नसलं का हाक कोणाचीबी होते.”

१४ ऑक्टोबर

आली! मोरपंखी लुगडं, हातात बहिणीचं पोर. बायांच्या दारावर तिकिटं फाडतात त्या मंजुळाबाई. त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, मग म्हणाल्या की त्या वाटेनं जाऊ नको पोट्ट्या, तिची सोयरीक वरवट बकालला झाली, तुळशीचं लग्न लागलं की तिचं लागते.

खोलीत येऊन कप भिंतीवर आपटला. चाचांचा होता.

उद्याही ती येणार आहे. एकदा बोलायचं, बस. मध्यंतरात काच टाकीन. माझं नाव घालणार नाही, भगवानराव पुढे खुर्चीत असतात. काच पालथी असणार. पुरुषांना काय कळतंय.

१५ ऑक्टोबर

लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

चाचा बिडी ओढायला बाहेर गेले आणि मी काच टाकली. ‘कोकिळा, दाराशी ये. वाट पाहतो आहे.’

मला कोणी सांगितलं नव्हतं. हे गाव वर्षानुवर्षं या पडद्यापुढे बसलंय. बायांच्या काचा वाचणं हा इथल्या पुरुषांचा जुना खेळ. उलटं अक्षर ते सुलट्यासारखं वाचतात, शाळेत न गेलेलेही. पुढच्या बाकांनी एका सुरात वाचलं, पाढे म्हणावेत तसं. नाव दोनदा म्हटलं. मग हशा.

भगवानराव उठले, पडद्याला वळसा घालून मागे गेले आणि तिला कोपराला धरून बाहेर नेलं. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

मी काय केलं? काच ओढून काढली, तळहाताने पुसली आणि चाचा आल्यावर म्हणालो, कोणीतरी पोट्टं घुसून टाकून गेलं. वाट पाहतो असं लिहिलं होतं. दाराकडे गेलोसुद्धा नाही. काजळी अजून हाताला आहे.

१६ ऑक्टोबर

मंजुळाबाई सगळ्यांना विचारत होत्या की काच पडल्याबरोबर बायांच्या दाराशी येऊन उभा राहिला तो पोट्टा कोण. भिंतीकडे तोंड करून उभा. हाकललं तरी हलला नाही, खेळ सुटेपर्यंत तिथेच. तोंड काही दिसलं नाही.

मी तर खोलीत चाचांजवळ होतो. म्हणजे माझी हाक दुसऱ्याच कोणी उचलली! कोण आहे हा? सापडला की तंगडी मोडतो.

१८ ऑक्टोबर

पानवाला चवीने सांगत होता की भगवानरावांच्या दारासमोर एक पोरगा दोन दिवसांपासून उभा असतो, पोट्टीनेच बोलावला असेल, त्याबिगर का कोणी असा उभा राहते.

तसाच धावत गेलो. भर दुपार. गल्लीत ऊन, वाळत घातलेल्या मिरच्या. तिच्या घरासमोरच्या भिंतीला कपाळ टेकून तो उभा होता. मी मागून जाऊन त्याची कॉलर धरली.

ओली होती. भिजवलेल्या पडद्यासारखी, जड आणि गार. बोटांखाली टाके लागले. हात उचलून पाहिलं तर दोरा हिरवा.

मी माझी कॉलर चाचपली. शर्ट माझ्या अंगात होता. तोच.

पळालो. तो वळला नाही.

२१ ऑक्टोबर

दुपारी हळदीकुंकवाचा खेळ झाला. बाया आल्या, पण दाराजवळची सतरंजी मोकळी राहिली. ती ओली आहे म्हणाल्या. मी तिकडे पाणी मारलं नव्हतं.

सोयरीक मोडली. वरवट बकालहून माणूस येऊन साडी-नारळ परत मागून गेला. मंजुळाबाई कोकिळेकडे जाऊन आल्या. तिच्या आईने तिचं जेवणाचं ताट वेगळं केलंय. तिने सांगितलेला निरोप त्यांनी मला एकट्याला गाठून सांगितला. बहुतेक त्यांना कळलंय.

“ती म्हणे, ज्यानं हाक मारली त्याले म्हणा, एकदा नाव सांग. कोण हाये तो, मले खरंच ठाऊक नाही.”

ठाऊक नाही. मी तिच्या आठवणीतसुद्धा नाही. आणि तिच्या दाराशी मीच उभा आहे.

२३ ऑक्टोबर, कोजागिरी

काच लिहिली. स्वतःच्या नावाची. दोन चित्रांच्या मधे टाकायची ठरवली होती. खाली दुधाचे कप फिरत होते, त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच भगवानरावांची खुर्ची रिकामी नव्हती. लोकांनी आपल्याला हसू नये म्हणून आले असतील, ताठ बसले होते.

हात पुढे केला आणि केसतेलाची जाहिरात घातली.

चाचांनी पाहिलं. आपलं दूध माझ्यापुढे सरकवलं. मला ते पिववलं नाही.

२९ ऑक्टोबर

तो आता समोरच्या भिंतीशी नाही. तिच्या पायरीवर आहे. गल्लीतल्यांनी काठ्या घेऊन हाकलला. काठी लागते, ओल्या कपड्यावर लागावी तशी, आणि तो तिथेच. भगवानरावांनी घराला आतून कडी घातली आहे.

किसनराव बोलले होते ते खरं. हाकेला धनी नाही. धनी नाही म्हणून ती कोकिळेच्या दाराशी उभी.

हे कळतं. तरी उठत नाही. दौत फेकताना केवढा शूर होतो.

२ नोव्हेंबर

मंजुळाबाई सांगून गेल्या. तो दाराला लागून उभा आहे. बाहेरच्या कडीवर हात ठेवून. आतून कोकिळेने पाट लावून दार दाबून धरलंय, रात्रंदिवस पाळी लावून, ती आणि आई.

ती दार धरते आणि मी जाहिराती लिहितो —

५ नोव्हेंबर, हंगामाचा शेवटचा खेळ

टाकली.

‘कोकिळेला हाक मी मारली. तिला काही माहीत नव्हतं. शेषराव, या टॉकीजचा नोकर.’

आधी सुलटी. मग पालथी. दोन्हीकडे.

पुढच्या बाकांनी सुरात वाचायला सुरुवात केली. ‘माहीत नव्हतं’पर्यंत आले आणि सूर तुटला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं. भगवानराव उठले, खोलीच्या झरोक्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग पागोटं नीट करून पुन्हा बसले. पडद्यामागून कोणीतरी बाई रडत होती. कोण ते —

मी काच काढली नाही. चाचांनी काढली.

६ नोव्हेंबर, सकाळ

मंजुळाबाई आल्या. पायरी मोकळी. कडी मोकळी. कोकिळेने उजाडताच दार उघडलं, अंगण झाडलं, रांगोळी घातली. लोक पाहत होते, ती खाली मान घालून काढत राहिली. पुरी केली. तिने माझ्यासाठी काही निरोप नाही दिला. कशाला द्यावा.

किसनराव म्हणाले, दुपारच्या गाडीने जा. पगार पुरा दिला. त्याचीच लाज जास्त वाटली.

ट्रंक भरतो आहे. निळा शर्ट परवाच घडी घालून तळाशी ठेवला होता. आता पाहिला. ओला.

दुपार

चाचा जेवायला गेलेत. टॉकीजमध्ये कोणी नाही. पडदा कोरडा असतो यावेळी, तरी पाणी ठिबकतंय, आणि आवाज पडद्याकडून नाही, जिन्याकडून —

दाराखालून पाणी आत येतंय. बारीक ओघळ. काजळीचा.

फटीतून पाहिलं. पाठ. निळ्या रेघा. कपाळ माझ्या चौकटीला टेकलेलं. हाकेला आता धनी मिळाला.

पाट नाही इथे. ट्रंक लावली दाराला. तिच्याजवळ आई तरी होती.

गाडीची शिट्टी झाली. गेली बहुतेक.

तो बोलतो आहे. माझ्या आवाजात. पाढे म्हणावेत तसं. शेषराव, दाराशी ये. वाट पाहतो आहे. शेषराव, दाराशी ये —

ट्रंक सरकली.

ओरडून म्हणालो, कोण आहेस, एकदा नाव सांग. तो गप्प झाला. कपाळ चौकटीवरून उचललं. आता वळतो आहे —