तक्रार बंद करायचे चार आकडे

बाबा, मी आता तक्रारी घेते. नगरपालिकेत तुम्ही बसायचात ती तक्रारींची खिडकी उरलेली नाही आणि मी बसते तिथून रस्ता दिसत नाही, पण काम म्हटलं तर तेच आहे. लोकांचं ऐकायचं, लिहून घ्यायचं, पुढे पाठवायचं. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की ओटीपी म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, म्हणून थोडं दमानं घ्या. हल्ली तक्रार मोबाइलवरून करतात. ती बंद करायची वेळ आली की तक्रार करणाऱ्याच्या मोबाइलवर चार आकडे येतात. काम झालं असेल तर त्याने ते आम्हाला सांगायचे, आणि त्याने सांगितले तरच तक्रार बंद होते. पूर्वी कर्मचारी आपल्या मनानेच तक्रारी बंद करून टाकायचे. लोकांनी त्यावर इतकी ओरड केली, न बुजवलेल्या खड्ड्यांचे इतके फोटो जगाला दाखवले की शेवटी हा उपाय आला. म्हणजे तुमच्या वहीतला शेवटचा रकाना, तक्रारदाराची सही, तोच फिरून परत आला. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. वाटलं, बाबा असते तर म्हणाले असते, उशिरा का होईना, अक्कल आली.

तुमची तक्रारवही मला अजून दिसते. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड आणि शेवटच्या रकान्यात लोकांच्या सह्या नि अंगठे. दिवा, नाली, रस्ता, जे काही मोडलं असेल ते माणूस खिडकीशी येऊन सांगायचा आणि तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहायचात. ही काय भाषा आहे म्हणून साहेब ओरडले तर तुम्ही म्हणायचात, "साहेब, तक्रार त्याची आहे, भाषा माही कशी येईन?" काम झाल्याचा निरोप आला की संध्याकाळी सायकलवर त्या माणसाच्या घरी जायचं, खरंच झालं का ते डोळ्यांनी पाहायचं आणि सही घेऊनच परतायचं. हे तुमच्या कामात बसत नव्हतं. जायचं काम शिपायाचं असायचं आणि तो कधीच जायचा नाही. आईला हे सगळं माहीत होतं. तुम्ही जेवायला बसलात की ताटात भाकर टाकता टाकता ती ऐकवायची, "गावाचे दिवे लावून आले, घरचे कवेलू कोण फेरन?" एकदा तर ती खरोखरच तुमच्या खिडकीसमोर रांगेत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लिहा, कारकुनाच्या घरचं छत गळते." तुम्ही चेहऱ्यावरची रेषही न हलू देता वेगळ्या कागदावर ते लिहून घेतलंत, रविवारी छपरावर चढून कवेलू फेरलेत आणि कागदावर तिची सही घेतलीत. सही करताना तिचा हात हसण्याने हलत होता.

पण मला लिहायचं आहे ते वेगळ्या दिवसाबद्दल. मे महिना, मी दहा वर्षांची. तुम्हाला ऊन लागलं आहे, ताप आहे, आणि वही घरी आलेली आहे. महिनाअखेर आहे, सह्यांचा रकाना भरून पाठवा, असा साहेबांचा निरोप आला आहे. तुम्ही झोपेत कण्हता आहात आणि पाच-सहा नावांपुढची जागा रिकामी आहे. तुम्हाला त्या उन्हात सायकल मारावी लागू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी सह्या केल्या. प्रत्येक वेगळी, एक तिरपी, एक जाड, आणि एका म्हातारीच्या नावापुढे तर शाई लावून माझाच अंगठा. तुम्ही उठल्यावर मोठ्या कौतुकाने वही दाखवली. तुम्ही मारलं नाहीत. डोक्याला दुपट्टा बांधलात, खिशात कांदा टाकलात, मला सायकलच्या दांडीवर बसवलंत आणि आपण निघालो. प्रत्येक दारात मला म्हणायला लावलंत, तुमच्या नावाची सही मी केली. लोक हसले. एक जण म्हणाला, "जाऊ द्या नं बाबूजी, लेकरू आहे." पण ती म्हातारी हसली नाही. "माह्या दारची नाली तशीच भरली आहे, अन् माहा अंगठा लागला?" असं तिने विचारलं. तुम्ही तिच्यासमोर तो अंगठा खोडलात आणि बाजूला लिहिलंत, काम बाकी. परतताना फक्त एवढंच म्हणालात, "लोकाची सही म्हणजे लोकाचं तोंड असते वं बाई. तू त्यायच्या तोंडातून बोलली. असं पुन्हा करू नको." त्या महिन्यात बाकी जास्त दिसली. पुढच्या महिन्यात तुम्हाला खिडकीवरून उठवून रेकॉर्ड रूममध्ये टाकलं, आणि तुम्ही रोज धुळीने भरून घरी यायला लागलात. माझ्या सह्या राहू दिल्या असत्या तर असं झालं नसतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं, आणि त्यासाठी मी तुमच्यावर रागावलेली होते.

आता माझं सांगते. आमची कंपनी दुसऱ्यांच्या तक्रारी सांभाळायचं कंत्राट घेते. कोणाकोणाच्या, ते सांगता येत नाही. तशी करारात अट आहे, आणि मेलेल्या बापाला सांगितलं तर चालेल असं काही त्यात लिहिलेलं नाही. एवढं सांगते की हॉलमध्ये दोन रांगा आहेत. खिडकीकडच्या रांगेत एका सरकारी खात्याच्या तक्रारी येतात आणि भिंतीकडच्या रांगेत, जिथे मी बसते, एका केबल टाकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या. केबलवाल्यांनी रस्त्यात खड्डा केला की माणूस आधी सरकारकडे जातो. खिडकीकडची मुलगी लिहिते, हा विषय कंपनीचा आहे. तक्रार भिंतीकडे येते. आम्ही लिहितो, रस्ता सरकारचा आहे. तक्रार पुन्हा खिडकीकडे जाते. चिडून कोणी थेट मंत्र्याला किंवा कंपनीच्या मालकाला सगळ्यांसमोर जाब विचारतो, तर त्यालाही 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे उत्तर आमच्याच हॉलमधून जातं. त्या बिचाऱ्याला वाटतं आपलं म्हणणं मुंबई-दिल्लीला पोचलं. ते दहा पावलं गेलेलं असतं. दोन्ही रांगांच्या मधे पाण्याचा कूलर आहे आणि दुपारी आम्ही सगळ्या तिथेच डबे उघडतो.

ठरलेल्या दिवसांत तक्रार बंद झाली नाही की पडद्यावर तिची ओळ लाल होते. लाल ओळी वरच्यांना दिसतात, आणि पुढचं कंत्राट कोणाला द्यायचं ते वरचे ठरवतात. म्हणून काम झालेलं नसलं तरी आकडे मागायचे. 'माणूस निघालाच आहे, तेवढे आकडे सांगा.' 'आकड्यांशिवाय काम पुढे सरकत नाही.' खरं उलट आहे, आकडे दिले की काम तिथेच थांबतं. हे फोन ऑफिसच्या लाइनवरून करायचे नाहीत, तिथे रेकॉर्डिंग होतं. आपापल्या मोबाइलवरून करायचे. हे कोणी लिहून दिलेलं नाही, सुपरवायझर चहा पिता पिता सांगतो. आणि बाबा, या कामात माझा हात धरणारं हॉलमध्ये कोणी नाही. पोरी घाई करतात, लोक भडकतात. मी घाई करत नाही. मी तुमच्यासारखी बोलते. सांगा काका, मी ऐकते आहे. तब्येत कशी आहे तुमची. लोक आधी शिव्या देतात, मग मोकळे होतात, मग आकडे देतात. नव्या मुलींना शिकायला माझ्या शेजारी बसवतात. तुमच्या खिडकीतून उचललेलं मी असं वापरते. मला याची लाज वाटते, आणि आपल्याला काहीतरी चांगलं जमतं याचं बरंही वाटतं. खरं सांगायला बसले आहे तर तेही सांगून टाकते.

नंदनवन नावाच्या वस्तीत एक बाई राहते, साठीच्या पुढची. तिच्या नवऱ्याला साखरेच्या आजाराने जवळजवळ दिसत नाही. केबलवाल्यांनी तिच्या फाटकासमोर कमरेइतका खड्डा खणला, वर एक फळी टाकली आणि निघून गेले. तिची तक्रार खिडकीकडून भिंतीकडे आणि भिंतीकडून खिडकीकडे चार वेळा फिरली आणि लाल झाली, तेव्हा मी तिला फोन केला. "कोणीच येऊन नाही राहिलं जी," ती म्हणाली. "माह्या घरवाल्याले दिसत नाही. चौकातल्या टपरीवर त्यायचे दोस्त पेपर वाचून दाखवतेत, तं रोज सकाळी जातेत म्हणजे जातेतच. माहे हात भांड्यात असले की निघतेत." मी तिला सगळं बोलू दिलं. मग म्हटलं, काकू, मी स्वतः लक्ष घालते, मोबाइलवर चार आकडे आले असतील ते सांगा. "आकडे दिले तं माणूस येईन?" येईल, मी म्हटलं. "तुम्ही पाठवान?" मी पाठवते, मी म्हटलं. तिने चष्मा शोधला, एकेक आकडा सुटा सुटा वाचला आणि विचारलं, "बरोबर आहेत नं जी?" बरोबर आहेत, मी म्हटलं. "कोणी तरी नीट बोललं," ती म्हणाली. ओळ हिरवी झाली.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. संध्याकाळी सुपरवायझरला म्हटलं, तिथे खरंच कोणाला तरी पाठवायला हवं. तो म्हणाला, "मॅडम, बंद झाली नं ती? आता काहून उकरून राहिल्या?" त्याचंही बरोबरच होतं. बंद तक्रारीवर माणूस पाठवायची सोय त्या पडद्यावर नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे नव्या लाल ओळी होत्या आणि मी ती बाई विसरले.

आठवड्याभरात तिचा नवरा त्या खड्ड्यात पडला. खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीने व्हिडिओ काढला. आधी खड्डा दाखवला, मग काकूंचा मोबाइल आणि त्यावरचा मजकूर, आपल्या समाधानाने आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. मागून शेजारणीचा आवाज, एका बाईने फोन करून आकडे काढून घेतले. एका दुपारीत तो सगळीकडे पोचला. मग मी या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. दोन्ही रांगा एकदम उभ्या राहिल्या, सरकारचा माणूस आणि कंपनीचा माणूस एकाच गाडीतून नंदनवनात गेले, आणि दिवस मावळायच्या आत खड्डा बुजला. कंपनीने जाहीर केलं की दोषी कर्मचाऱ्याचा शोध घेऊन कठोर कारवाई करू. खाली लोकांनी लिहिलं, असंच पाहिजे, काढून टाका हिला, जेलमध्ये घाला. लोकांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना जेवढं दिसलं तेवढ्यावर ते बोलले. खड्डा खणणारा, खड्डा बुजवायचे कागद न काढणारा, त्या दोन रांगा आखणारा, यांतलं कोणी कोणाला दिसलं नाही. शोध सुरू झाला तो एका फोनवाल्या बाईचा. एवढा मोठा जाब विचारला गेला आणि तो घरंगळत येऊन आमच्या हॉलमधल्या एका खुर्चीपाशी थांबला. माझ्या मनात चीड आली, मग ती टिकली नाही. खड्डा दुसऱ्यांचा होता, पण गोड बोलणं माझं होतं. ते मला कोणी शिकवलं नव्हतं, ते मी घरून आणलं होतं.

तो फोन माझा होता हे रांगेत सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्या रांगेचा लॉगिन एकच आहे, कोणती ओळ कोणी बंद केली ते पडद्यावरून कळत नाही, आणि सुपरवायझर बोलला असता तर तोही अडकला असता. तिसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर काकूंचा फोन आला. दोनदा मी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. ऑपरेशन झालं होतं. पुन्हा चालता येईल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. शिव्या येतील म्हणून मी वाट पाहत होते. मला त्या हव्याही होत्या. ती म्हणाली, "ताई, कंपनीचा माणूस आला होता फळं घेऊन. इचारे, आकडे कोणाले दिले, फोन कोणाचा होता. मी म्हटलं, बाई होती, आठोत नाही. नंबर पुसला गेला म्हटलं. तुमचं नाव नाही घेतलं मी. तुम्ही तं माणूस पाठवायले पाहून राहिल्या असान, वरच्यायनं ऐकलं नसन. मी काहून तुमची नोकरी खाऊ?"

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. तुम्ही म्हणाल, माणूस पाठवते हे खोटं होतं, असं तिथल्या तिथे तिला सांगून टाकायचं होतं. मला सांगता आलं नाही, बाबा. मी बरं काकू म्हटलं आणि फोन ठेवला. फोनवर सांगायला हॉलमध्ये प्रत्येकीला एक वेगळं नाव दिलेलं असतं. तिने इतकं जपलं ते नाव माझं नव्हतंच, आणि मी तिला माझं खरं नाव अजूनही सांगितलेलं नाही.