नग सहा, तपासणी बाकी

निगडी प्राधिकरण,
२१ जानेवारी १९८०

चि. विलास यास उद्धव दाजींचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या डोक्यावर 'श्री' नाही, तो चुकून राहिला असं समजू नकोस. घालावा की नाही यात माझा अर्धा तास गेला. दुखवट्याच्या पत्रावर घालत नाहीत, हे ठाऊक आहे. पण तुझी ताई, माझी शालन, जाऊन आता दोन महिने होत आले, मग हे पत्र दुखवट्यात धरायचं की साध्या पत्रांत? असले नियम शालनला पाठ असत आणि मी फक्त तिला विचारत असे. तुझी प्रकृती कशी आहे? तिकडे बर्फ पडत असेल. कानाला गुंडाळत जा (हे वाक्य तिचं. तिच्या प्रत्येक पत्रात असायचं, म्हणून मीही ठेवलं आहे). माझं बरं चाललं आहे. भात जमतो. पोळीला अजून कोपरे येतात, पण खाणारा मी एकटाच, त्यामुळे तक्रार कुणाची नाही.

तुझ्या पत्रात तू एकच गोष्ट विचारली होतीस आणि तिचं उत्तर द्यायला मी सहा आठवडे लावले. आषाढात तू ताईसाठी जर्मनीहून पाठवलेली ती मधुमेहाच्या लोकांची बिनसाखरेची चॉकलेटं तिने खाल्ली का, तिला आवडली का? विलास, नाही खाल्ली. मी खाऊ दिली नाहीत. कसं ते आता सांगतो. शिव्या द्यायच्या त्या शेवटी एकदम दे.

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. पिंपरीच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी बाहेरून आलेला माल तपासला. माझ्या सहीचं हिरवं लेबल लागल्याशिवाय एक खिळा आत गेला नाही. शंका आली की पिवळं लेबल : माल थांबवा, तपासणी बाकी. निवृत्त झालो तेव्हा लोकांनी शाल दिली, नारळ दिला, आणि उरलेल्या लेबलांचा गठ्ठा मी स्वतःच घरी घेऊन आलो (चोरी म्हण हवं तर. माझ्या आयुष्यातली तेवढीच). त्यात शालनला साखर. मग काय, माझा कारखाना घरीच सुरू झाला! तिचा भात वाटीने मोजायचा, भाकरीची जाडी कॅलिपरने. रोज सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवून तिची लघवी परीक्षानळीत निळ्या औषधाबरोबर उकळायची आणि रंग वहीत मांडायचा. निळा राहिला तर उत्तम, हिरवट म्हणजे किंचित साखर, मग पिवळा, नारिंगी, आणि विटकरी झाला की त्या दिवशी घरात भांडण. ती म्हणायची, "लग्नाच्या वेळी मलाबी असंच लेबल लावून आत घेतलं का वो?" मी म्हणायचो, पथ्य म्हणजे पथ्य.

अशा घरात तुझा डबा आला. सहा वड्या, खोक्यावर सगळी जर्मन अक्षरं. आत काय घातलं आहे ते कळल्याशिवाय द्यायचं कसं? मी खोकं घेऊन मन्सूरभाईकडे गेलो. मन्सूरभाई राजगुरुनगरचा, आमच्या मेंटेनन्समधला फिटर. जर्मन मशिनं बसवायला आलेल्या साहेबाच्या हाताखाली दोन वर्षं काढल्यामुळे मशिनांच्या जर्मन पुस्तकांवर त्याचा हात चांगला. त्याने चष्मा पुसला आणि एकेक शब्द लावला. "उद्धवराव, ह्यात साखर न्हाई. साखरेचा स्पेअर पार्ट हाय." पुढे म्हणाला, "ग्रीस तेहतीस टक्के." मी म्हटलं, ग्रीस कसं असेल बाबा, खायची वस्तू आहे. "तेल-तुपाचंच काई आसंल, पन आमच्या पुस्तकात ह्या शब्दाला ग्रीसच म्हन्त्यात." खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती, तिच्यावर तो बराच वेळ थांबला. "जादा टाकलं तर खालून ड्रेन व्हतं, असं लिवलंय." हे सगळं मी घरी येऊन शालनला जसंच्या तसं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. स्पेअर पार्ट कुठला, ग्रीस कुठलं, काहीच सिद्ध झालं नव्हतं.

मग मी एका वडीचा कोपरा पात्याने कापला आणि निळ्या औषधात उकळला. नळीत चिखल झाला. चॉकलेट मुळातच तपकिरी, त्यामुळे रंग औषधाचा की मालाचा ते ठरेना, आणि रंगांच्या तक्त्यात चिखल नाही. मी खोक्याच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली, पिवळं लेबल बांधलं आणि खोकं कपाटावर ठेवलं. तुला पत्र टाकलं की कंपनीकडून सगळ्या घटकांची यादी आण. तू उलट लिहिलंस, "दाजी, खाऊ द्या की तिला!" हे काही उत्तर झालं नाही, म्हणून मी दुसरं पत्र टाकलं.

आता खरी गोष्ट. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती दर वर्षी तुझ्या नावाने उपास धरायची, भावाचा उपास. तू इतक्या लांब गेल्यापासून तर पाणीसुद्धा जपून प्यायची. पंचमीला सकाळी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्यातली एक द्या. ईलासनं धाडलंय, त्याच्यावरच उपास सोडते." मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "रिपोर्ट येऊ दे." ती चुलीकडे गेली. त्यानंतर तिने चॉकलेटचं नाव कधी काढलं नाही. त्याच रात्री तिचं पोट बिघडलं, चार वेळा उठली, आणि मी वहीत लिहिलं, 'कारण : उपवास.' पुढे ती रोज सकाळी रंग विचारायला लागली, "आज कंचा आला?" इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. मला वाटलं, चला, बाईला पथ्याचं महत्त्व पटलं.

कार्तिक संपता संपता, दुपारी भांडी घासताना, ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. साखर तर चांगली आटोक्यात होती. चांगली आटोक्यात होती, विलास! मी ती वही घेऊन दवाखान्यात उभा होतो. बिनसाखरेची एक वडी मागितली होती तिने, तीही भावाने पाठवलेली, आणि मी तिला रिपोर्टवर ठेवली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने स्पिरिटचा दिवा पेटवला, आणि नळी हातात घेऊन बसून राहिलो. घरात तपासायला कुणी उरलं नव्हतं.

खोकं अजून कपाटावर आहे, पिवळ्या लेबलासकट. तुला एकच विनंती, ती यादी कंपनीकडून मिळवच. आता तिचा उपयोग नाही, हे मला कळतं. पण तपासणी अर्धवट टाकून मला झोप लागत नाही. निदान मी चुकलो होतो की नव्हतो, एवढं तरी कागदावर येऊ दे.

स्वतःला जप.

तुझा
उद्धव दाजी

ता. क. कंपनी तुला मालाचा नंबर विचारेल. तो खोक्याच्या खालच्या बाजूला छापलेला असणार. स्टुलावर चढून खोकं काढतो आणि नंबर इथेच लिहितो.

आणखी ता. क. हे तीन दिवसांनी लिहितो आहे. खोकं उलटं केलं, तर खालची बाजू उकलून भाताच्या खळीने परत चिकटवलेली! झाकणावरची माझी सही जशीच्या तशी. एकवीस वर्षांत मालाची खालची बाजू पाहायची राहिली असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आत पाच वेष्टनांत कपड्यांच्या साबणाच्या पट्ट्या, मापात कापलेल्या, म्हणजे वजनालाही शंका नको. सहावी वडी खरी होती, मी कोपरा कापलेली. तिला माझ्याच गठ्ठ्यातलं हिरवं लेबल बांधलेलं. त्यावर तिच्या अक्षरात आहे ते असं :

'नग सहा. खाल्ले पाच. दुसऱ्या दिवशी सकाळचे रंग : नागपंचमी हिरवट, राखीपुनव निळा, गौरीजेवण निळा, दसरा हिरवट, भाऊबीज निळा. शेरा : आख्खी एकदम खाऊ नये, मन्सूरभाई म्हणतात ते खरं आहे. माल पास. राहिलेली तुमची. तपासत बसू नका.'

वही काढून पाचही दिवस ताडून पाहिले. सगळे जुळतात. खाऊन रंग बघायचा, इतकी साधी तपासणी. ती मला सुचली नाही, तिला सुचली. तुला तिने कळवलं नाही याचा राग धरू नकोस. तिची पत्रं मीच वाचून पाकिटात घालत असे.

शेवटचा ता. क. आज ती वडी खाल्ली. न तपासता. चवीला अगदीच वाईट आहे रे, मेणासारखी, आणि मागून कडवट. असल्या पाच वड्या तिने खाल्ल्या, तू पाठवल्या म्हणून. यादी नको आता. नागपंचमीच्या आत पोचतील अशा बेताने आणखी सहा पाठव.